कोंबड्यांनी शेजाऱ्यांची रोपे उकरली, आणि त्यानंतर बोलणेच थांबले आहे. काय करावे?

परसदारची (प्रश्न)

नमस्कार. गेली चार वर्षे मी घरामागच्या मोकळ्या जागेत कोंबड्या पाळते. सध्या चौदा कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. जागेला लागूनच शेजारच्या काकांची भाजीची बाग आहे. मध्ये कमरेएवढे तारेचे कुंपण आहे, तेही जुने आणि दोन-तीन ठिकाणी वाकलेले.

पंधरा दिवसांपूर्वी सकाळी मी नेहमीप्रमाणे खुराड्याचे दार उघडले आणि घरातल्या कामाला लागले. तासाभराने बाहेर येऊन पाहते तो पाच-सहा कोंबड्या काकांच्या मिरचीच्या वाफ्यात होत्या. रोपे आदल्याच संध्याकाळी लावलेली. माती भुसभुशीत आणि ओली, वर वाळलेल्या गवताचे आच्छादन. कोंबडीला याहून जास्त मोहात पाडणारी जागा नसते, हे मला ठाऊक होते आणि तरीही मी दार उघडून निघून गेले होते. काका वाफ्याच्या कडेला उकिडवे बसले होते. उपटलेली रोपे ते एकेक करून उचलत होते आणि मुळांभोवतीची माती सांडू न देता ओल्या गोणपाटावर मांडत होते. मी धावत जाऊन कोंबड्या हाकलल्या आणि माफी मागितली. त्यांनी वर पाहिले, "असू दे" एवढेच म्हणाले आणि पुन्हा रोपांकडे वळले.

ते रागावले असते तर मला बरे वाटले असते. त्यांचे ते "असू दे" अजून माझ्या कानात आहे. कारण ही पहिली वेळ नव्हती, तिसरी होती. आधीच्या दोन्ही वेळी मी "मुके जनावर आहे काका, त्यांना काय कळतंय" असे म्हणून वेळ मारून नेली होती.

त्याआधी आमचे चांगले चालत असे. खुरपणी झाली की काका तणाची पेंडी कुंपणावरून इकडे टाकत, कधी फुलावर आलेला जून पालक देत. पालक खाल्ल्यावर चार-सहा दिवसांत अंड्यातला बलक गडद केशरी होई आणि तीच अंडी मी काकूंना नेऊन देत असे. आता पेंडी येत नाही. परवा अंडी घेऊन गेले तर काकूंनी ती घेतली, पण दारातूनच. आत ये म्हणाल्या नाहीत.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कोंबड्या कायमच्या कोंडून ठेवणे हाच यावर उपाय आहे का? कुंपण नीट करणे हे काम कोणाचे मानावे, माझे की दोघांचे? आणि झालेल्या नुकसानाची भरपाई कशी करावी, म्हणजे ती त्यांना पैसे फेकल्यासारखी वाटणार नाही? आणखी एक शंका मनात आहे. रोपांबद्दल न बोलणारे काका कदाचित इतरही काही सोसत असतील. कोंबड्याचे आरवणे असेल, खुराड्याचा वास असेल, किंवा माश्या असतील. हे त्यांना विचारावे का, की विचारून नवीन तक्रारींना वाट करून दिल्यासारखे होईल?

वाफेकरी

ताई, मी कुंपणाच्या दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. भाजी लावतो, कोंबड्या पाळत नाही. म्हणून तुमच्या काकांच्या "असू दे"मागे काय असू शकते ते आधी सांगतो.

मिरचीचे रोप लावणीला येईपर्यंत साधारण 35 ते 45 दिवस जातात. बी पेरायचे, रोज झारीने बेताचे पाणी द्यायचे, कडक उन्हात सावली करायची, रोपे कोलमडू लागली की जीव खाली-वर होतो, आणि मग एका संध्याकाळी ऊन उतरल्यावर ती वाफ्यात लावायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उपटलेली दिसतात तेव्हा गेलेली वस्तू म्हणजे रोप नसते, ते दीड महिना असतो. रोपे पुन्हा मिळू शकतात, पण मोसम पुढे सरकलेला असतो आणि उशिरा लावलेले पीक ऊन-पावसाच्या वेगळ्याच फेऱ्यात सापडते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र वाटते, दहा-वीस रोपांचा तर प्रश्न आहे.

माझ्याकडे असेच झाले होते. पहिल्या तीन वेळा मी काही बोललो नाही. आपण समजूतदार आहोत असे मला वाटत होते, पण खरे म्हणजे मी आत साठवत होतो. चौथ्या वेळी बोललो तेव्हा असे बोललो की त्या घराशी दोन वर्षे बोलणे बंद झाले. कोंबड्या चारदा आल्या होत्या, पण मी शेजारणीला एकदाही शांतपणे सांगितले नव्हते, आणि ती चूक माझी होती. तुमचे काका गप्प आहेत म्हणजे त्यांनी सोडून दिले आहे असे कृपया समजू नका. आणि हो, आरवणे, वास, माश्या यांबद्दल अवश्य विचारा. तक्रार आधीपासून असते, ती विचारल्यामुळे जन्माला येत नाही.

भरपाईबद्दल माझे मत स्पष्ट आहे. अंडी घेऊन जाऊ नका, निदान आत्ता तरी नको. अंडी ही तुमच्या जिव्हाळ्याची रीत आहे, ती नुकसानीच्या हिशेबात घातली की तिची गोडी जाते, आणि यापुढे प्रत्येक अंड्याकडे ते "हे कशाबद्दल?" अशा नजरेने पाहतील. त्याऐवजी खुरपे घेऊन जा. "वाफा पुन्हा करायला मी येते, रोपे मी आणते, कुठली जात हवी तेवढे सांगा" असे म्हणा. जात विचारणे महत्त्वाचे आहे, कारण बागेत कष्ट करणारा माणूस कुठलीही मिरची लावत नाही, तो ठरवून एक लावतो. आणि माफी मागताना "मुके जनावर" हे शब्द पुन्हा उच्चारू नका. कोंबडी मुकी आहे हे त्यांनाही कळते. दार उघडणारी व्यक्ती मुकी नव्हती.

आता माझ्या बाजूच्या लोकांनी काय करावे, तेही लिहितो, कारण सगळा भार कोंबड्या पाळणाऱ्यांवर टाकणे न्यायाचे नाही. नव्याने लावलेला वाफा पहिले दोन-तीन आठवडे सर्वात नाजूक असतो. एकदा मुळे धरली आणि झाड गुडघ्याएवढे झाले की कोंबडी त्याला सहसा उपटू शकत नाही. तेवढे दिवस वाफ्यावर जाळी अंथरावी किंवा काटेरी डहाळ्या आडव्या टाकाव्यात. कोंबडीला उकरायला पाय मागे ओढावा लागतो. पायाखाली डहाळ्या आल्या की तिला ते जमत नाही आणि ती नाद सोडते.

दुसरे, फवारणीबद्दल आधी सांगणे. मी शेजारी आदल्या दिवशी सांगतो, काय फवारणार आणि कोंबड्या किती दिवस आत ठेवायच्या ते डब्यावर वाचून. औषध लावलेले बी मुद्दाम गुलाबी, निळे अशा भडक रंगाचे केलेले असते. पेरताना सांडलेले असे दाणे मी वेचून घेतो, कारण कोंबडी दाणा टिपायला अगदी तत्पर असते. गोगलगायींसाठी टाकायच्या गोळ्या आणि उंदराचे विष यांचेही तेच. विष खाऊन सुस्तावलेला उंदीर कोंबडीने पकडून खाल्ला, तर तिलाही बाधा होऊ शकते. तुम्ही काकांना हे विचाराल तेव्हा आरोपाच्या सुरात विचारू नका. "आपण काय घालता ते मला आधी कळले तर मी कोंबड्या कोंडते" इतके पुरे आहे.

जुनीजाणती

माझ्याकडे वीस वर्षांहून अधिक काळ कोंबड्या आहेत, त्यामुळे कुंपण आणि कोंबड्यांची वागणूक यांविषयी सविस्तर लिहिते.

प्रथम जबाबदारी. ठिकठिकाणचे कायदे वेगळे असतील, मी त्यात शिरत नाही. शेजारधर्माच्या दृष्टीने मात्र माझे उत्तर एकच आहे. जो प्राणी चालतो त्याच्या मालकाने कुंपण सांभाळावे, कारण मिरची कधी उठून तुमच्या अंगणात येणार नाही. खर्च तुमचा, आखणी दोघांची. खांब कुठे रोवायचा, फाटक कुठे ठेवायचे, सावली कोणाच्या वाफ्यावर पडेल हे काकांना विचारून ठरवा.

कमरेएवढे कुंपण कोंबडीसाठी पायरीसारखे आहे. अंगाने हलक्या जातीची कोंबडी पाच-सहा फूट सहज चढते. जड जातीच्या कोंबड्यांना इतके जमत नाही. तिची पद्धत लक्षात घ्या. बहुतेक वेळा ती थेट पलीकडे उडत नाही. आधी कुंपणाच्या माथ्यावर जाऊन बसते, तिथून पाहते आणि मग पलीकडे उतरते. म्हणून कुंपणाच्या वरच्या कडेला बांबू किंवा आडवी पट्टी लावू नका. जाळीचा माथा मोकळा आणि डगडगता राहू द्या. बसायला आधार दिसला नाही की बऱ्याच कोंबड्या प्रयत्नच करत नाहीत. खालच्या बाजूला जाळी वीतभर जमिनीत गाडा किंवा बाहेरच्या अंगाला वाकवून तिच्यावर दगड ठेवा.

ज्या दोन-तीन कोंबड्या तरीही जातील, त्यांच्या एकाच पंखाची टोकाकडची मोठी पिसे छाटा. दोन्ही पंख छाटले तर तोल सारखाच राहतो आणि ती जोर लावून काही अंतर उडते. एकच छाटला की तोल एका बाजूला जातो. संध्याकाळी कोंबडी झोपाळलेली असताना तिला मांडीवर घ्या, पंख पसरा आणि उजेडासमोर धरा. जुन्या पिसाची दांडी पांढुरकी, पारदर्शक दिसते. नव्याने उगवणाऱ्या पिसाच्या दांडीत गडद, जांभळट रेघ दिसते. तिच्यात रक्त असते, ते पीस अजिबात कापू नका. बाकीची दहाएक मोठी पिसे आतल्या लहान पिसांच्या ओळीपर्यंत कात्रीने कापता येतात. नीट केले तर आपल्या नखे काढण्यासारखेच, वेदना होत नाही. पिसे झडून नवी आली की हे पुन्हा करावे लागते. मात्र ज्या कोंबड्या मोकाट फिरतात आणि जिथे कुत्रा-मुंगसाची भीती आहे, तिथे मी पंख छाटत नाही, कारण संकटात उडून झाडावर जाणे हाच तिचा बचाव असतो.

कायम कोंडणे मला पटत नाही, आणि त्याची गरजही नसते. दार उघडण्याची वेळ बदला. कोंबड्या बहुतेक अंडी सकाळी ते दुपारच्या सुमारास घालतात, तेवढा वेळ त्या खुराड्याच्या आवारात राहिल्या तर अंडीही जागेवर मिळतात. सूर्यास्ताला दीड-दोन तास असताना त्यांना सोडा. त्या वेळी कोंबडी फार लांब जात नाही, जवळपास टिपत राहते आणि अंधार पडू लागला की आपणहून परत येऊन दांडीवर बसते. तेवढ्या वेळात तुम्ही स्वतः बाहेर बसा, निवडणे-टिपणे काहीतरी हाती घेऊन. माझ्या कितीतरी शेजाऱ्यांशी याच वेळेत कुंपणाशी उभे राहून बोलणे झाले आहे.

उरला धुळीचा प्रश्न. कोंबडी वाफ्यात फक्त किड्यांसाठी जात नाही, लोळायलाही जाते. कोरड्या मातीत अंग घोळणे ही तिची खरी गरज आहे, त्यामुळे पिसांतले जादा तेल आणि उवा निघून जातात. तिला स्वतःची जागा नसेल तर ती काकांची कोरडी सरी शोधणारच. छपराखाली, पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी हातभर लांब-रुंद चौकट करा, तिच्यात वीतभर कोरडी माती, बारीक वाळू आणि थोडी चाळलेली लाकडाची राख घाला. दोन दिवसांत त्यांना ती सापडेल. एक कोंबडी एका कुशीवर पडून, एक पाय आणि पंख ताणून, डोळे अर्धे मिटून माती अंगावर उडवते आणि बाकीच्या तिच्याभोवती आपली पाळी येण्याची वाट पाहत उभ्या राहतात, हे पाहिले की आपण इतके दिवस त्यांना काय दिले नव्हते ते कळते.

कोंबड्याबद्दल. अंडी मिळायला कोंबडा लागत नाही, तो फक्त पिल्लांसाठी लागतो. त्यामुळे तो ठेवायचा की नाही हा निर्णय खरोखर तुमच्या हातात आहे. पहाटे आरवणे हे त्याच्या शरीरातल्या घड्याळावर चालते. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिले की बाहेरचा उजेड बदलला नाही तरी कोंबडे ठरावीक वेळेला आरवतात. म्हणजे खुराडे काळोखे केले की तो गप्प बसेल ही आशा फारशी धरू नका. अंतर मात्र उपयोगी पडते. खुराडे काकांच्या झोपायच्या खोलीच्या बाजूला असेल तर ते तुमच्या स्वतःच्या भिंतीलगत हलवा. आवाज आधी आपल्या उशाशी यावा, मग दुसऱ्याच्या.

खतमाती

वरची उत्तरे पूर्ण आहेत. मी फक्त खताविषयी लिहितो, कारण या बाबतीत माझ्या हातून एका भल्या माणसाचे नुकसान झाले आहे.

माझी शेजारीण पालक लावत असे. कोंबडीचे खत सर्वात तेज असे ऐकून तिने मागितले आणि मी मोठ्या आनंदाने त्याच दिवशी खुराड्यातून खरवडलेली टोपलीभर ताजी विष्ठा नेऊन दिली. तिने ती रोपांच्या बुंध्याशी पसरली. चार-पाच दिवसांत पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळल्या आणि आठवडाभरात अर्धा वाफा बसला. तिला वाटले रोग आला. मी पाहिले तेव्हा मला कळले, आणि ते तिला सांगताना मला फार जड गेले.

कारण असे की कोंबडीच्या विष्ठेत नत्र भरपूर असते, ते युरिक आम्लाच्या रूपात असते आणि ओलावा मिळाला की त्यातून झपाट्याने अमोनिया सुटतो. तोच मुळांना जाळतो, आणि तोच खुराड्याच्या त्या उग्र वासाचे कारण आहे. म्हणजे वास आणि खत हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे. ताज्या विष्ठेत जवळजवळ तीन-चतुर्थांश पाणी असते. तिच्यात कोरडे आणि काष्ठमय काही मिसळले की वास बसतो आणि खत तयार व्हायला लागते. एक कोंबडी दिवसाला साधारण 100 ग्रॅम विष्ठा टाकते. तुमच्याकडच्या पंधरा पक्ष्यांची रोज सुमारे दीड किलो होते, म्हणजे महिन्याला 45 किलोच्या आसपास. एवढा माल योग्य रीतीने कुजवला तर काकांच्या बागेला पुरून उरेल.

खुराड्यात जमिनीवर चार बोटे जाडीचा कोरडा थर ठेवा. तूस, लाकडाचा भुसा, वाळलेली पाने, जे मिळेल ते. थर ओला दिसला की वरून आणखी कोरडे घाला आणि दाताळ्याने हलवा. पाण्याचे भांडे गळत असेल तर आधी ते बदला. मी पाहिलेल्या बहुतेक दुर्गंधीची सुरुवात तिथून झाली होती. घरमाशी गरम हवेत अंड्यापासून उडण्यापर्यंत सात ते दहा दिवसांत तयार होते, म्हणून दर पाच-सहा दिवसांनी ओला भाग काढून ढिगात घातला तर तिची पिढी पुरी होत नाही. हे वेळापत्रक काकांना सांगून टाका. समोरचा माणूस काहीतरी करतो आहे हे माहीत असले की थोडाफार वास माणूस सोसतो.

ढीग करताना एक टोपली विष्ठेला दोन-तीन टोपल्या वाळलेली पाने असे मी घालतो आणि पाणी इतकेच मारतो की मूठ दाबली तर हात ओला व्हावा पण थेंब पडू नये. ढीग निदान छातीएवढा लांब-रुंद-उंच असेल तर आतून तापतो. 55 अंश सेल्सिअसच्या वर तापला आणि चार-पाच वेळा खालीवर केला, म्हणजे बाहेरचा भागही आत जाऊन तापला, की रोगजंतू आणि तणाचे बी बहुतांश मरते. मग दोन-तीन महिने मुरू द्यावा. तयार खताला ओल्या मातीचा वास येतो. अमोनियाचा जरासाही झोंबरा वास असेल तर ते शेजाऱ्याला देऊ नका.

कच्च्या विष्ठेबाबत एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत न कुजवलेले शेणखत वा विष्ठा जमिनीत घातल्यापासून काढणीपर्यंत, ज्या पिकाचा खाण्याचा भाग मातीला लागतो त्यासाठी निदान 120 दिवस आणि जो लागत नाही त्यासाठी निदान 90 दिवस जाऊ द्यावे लागतात. कोंबडीच्या विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू पालेभाजीवर येऊ शकतात, म्हणून हे अंतर आहे. आपण सेंद्रियचा शिक्का घेत नसलो तरी घरातली लहान मुले तीच भाजी खातात.

गावकुसाबाहेर

एकच मुद्दा जोडते, जो कोणी मांडला नाही. तुमच्या आसपास आणखी कोणाकडे कोंबड्या असतील तर आजार लपवू नका.

आमच्या वस्तीत पाच घरांत कोंबड्या होत्या. एका घरी मानमोडी, म्हणजे राणीखेत आला. चार कोंबड्या मेल्या, त्यांनी लाजेने सांगितले नाही आणि राहिलेल्या विकण्याआधी कोणाला कळू नये म्हणून गप्प राहिले. या रोगाची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते पंधरा दिवस जाऊ शकतात आणि विषाणू चपलांच्या तळाला, अंड्यांच्या ट्रेला, उसन्या आणलेल्या डालग्याला चिकटून जातो. आम्ही त्या काळात एकमेकींच्या अंगणात नेहमीसारखे जात-येत होतो. महिनाभरात पाचही घरांची खुराडी रिकामी झाली. त्या घराला मी दोष देत नाही. मीही त्यांच्या जागी घाबरलेच असते. पण तेव्हापासून आमचे ठरले आहे. एक जरी कोंबडी मान वाकडी करून बसली किंवा अचानक मेली, तर त्याच दिवशी पाचही घरी निरोप जातो, पशुवैद्यांना बोलावले जाते आणि तोपर्यंत कोणी कोणाच्या खुराड्यापाशी जात नाही. नवीन विकत आणलेली कोंबडी तीन-चार आठवडे वेगळी ठेवतो आणि तिला सर्वांत शेवटी खाद्य घालतो. लसीकरण एकाच दिवशी करून घेतो, कारण लशीची एक कुपी शेकडो पक्ष्यांना पुरते आणि एकट्या घरात बहुतेक वाया जाते.

ताई, तुमच्या काकांकडे कोंबड्या नाहीत, पण तेही तुमच्या आवारातून आपल्या चुलत भावाच्या किंवा मित्राच्या खुराड्यापर्यंत जात असतील. त्यांनाही हे सांगून ठेवा.

परसदारची

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवस काही लिहिले नाही, कारण आधी करून पाहायचे होते.

वाफेकरी दादांनी सांगितल्याप्रमाणे मी रिकाम्या हाताने, म्हणजे अंडी न घेता, खुरपे घेऊन गेले. जात विचारली. काकांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिले आणि मग सांगितली, आणि रोपे कोणाकडे चांगली मिळतील तेही सांगितले. लावणी आम्ही दोघांनी मिळून केली. मी रोप जरा खोल दाबत होते, त्यांनी माझ्या हातातून घेऊन पुन्हा लावून दाखवले. त्या दिवशी मी फक्त एवढेच म्हणाले की तीनही वेळा चूक माझी होती. त्यांनी उत्तर दिले नाही, पण जाताना वाफ्यावर टाकायला काटेरी डहाळ्या कुठून आणायच्या ते विचारले, आणि मी त्या आणून दिल्या.

आरवण्याबद्दल विचारले तेव्हा काकूच बोलल्या. काकांची पहाटेची झोप गेली आठ महिने मोडते आहे. खुराडे त्यांच्याच खिडकीखाली होते आणि हे मला एकदाही सुचले नव्हते. रविवारी आम्ही ते आमच्या स्वयंपाकघराच्या मागे हलवले. कोंबडा ठेवायचा की नाही हे अजून ठरलेले नाही. पहिले पंधरा दिवस काकूंनी रोज सकाळी सांगायचे, असे ठरले आहे.

कुंपणाचे खांब रोवून झाले, जाळी लागली, वरची पट्टी मुद्दाम लावलेली नाही. दोन कोंबड्यांचे पंख छाटले. राख-मातीची चौकट दुसऱ्याच दिवशी त्यांनी शोधून काढली.

काल काकांनी हाक मारली. कोपऱ्यातल्या वांग्याचे पीक संपले आहे, झाडे उपटून झाली आहेत आणि मातीत पांढऱ्या अळ्या फार झाल्या आहेत. तेवढ्या तुकड्याला जाळी लावून चार दिवस कोंबड्या सोडता येतील का, असे ते विचारत होते. मी खतमाती दादांचा 120 दिवसांचा आकडा सांगितला. त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि म्हणाले की पालेभाजी नको, तिथे मांडवावरचा दोडका लावू, त्याला फळ धरेपर्यंत वेळ आहे आणि फळ जमिनीला लागतही नाही. मी तरी तारीख भिंतीवर लिहून ठेवली आहे, 90 दिवसांच्या आत तोडणी करायची नाही म्हणून. उद्या सकाळी जाळी बांधायला जायचे आहे. चौदाही कोंबड्या एकदम सोडाव्यात की चार-पाचच, एवढे जुनीजाणती ताईंनी सांगितले तर बरे होईल; तुकडा साधारण दहा पावले लांब आणि चार पावले रुंद आहे.

जुनीजाणती

पाचच सोडा, आणि पंख छाटलेल्या दोघी त्यांत असू द्या. चौदा सोडल्या तर दुसऱ्या दिवसापासून त्या अळ्या शोधण्याऐवजी जाळी ओलांडायची वाट शोधू लागतील. आत पाण्याचे भांडे आणि एका कोपऱ्यात सावली ठेवा. रात्री परत आणा. माती आधी काकांना एकदा कुदळीने हलवून द्यायला सांगा, म्हणजे खोलवरच्या अळ्या वर येतील.